देवमनजीची जीभ

माझ्या सासऱ्यांना चव कळत नाही, हे गावात फक्त मला ठाऊक होतं. तेही मी त्यांच्या चहात मीठ टाकून पाहिलं म्हणून.

उगाच नव्हतं टाकलं. आदल्या दिवशी तुरीच्या वरणात मीठ टाकायचं मी साफ विसरले होते. अंगणवाडीतून यायला उशीर झाला होता, मुलांची वजनं मोबाइलमध्ये भरता भरता डोकं भणभणलं होतं. मामाजी जेवले, ताट पुसून घेतलं आणि म्हणाले, "वरन मस्त झालं आज." मग मी जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला थांबले. सुनेचं मन राखायला गोड बोलणाऱ्यांतले आमचे मामाजी नव्हेत. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्या प्रत्येक भाजीला त्यांनी नाव ठेवलंय. मिठाचा एक खडा कमी पडला तरी भरल्या ताटावरून आवाज यायचा. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहात साखरेऐवजी चमचाभर मीठ टाकलं, कप त्यांच्या हातात दिला आणि चौकटीला टेकून उभी राहिले.

ते सगळा चहा प्यायले. कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावरून त्यांना कळलं.

"काय टाकलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मीठ."

त्यांनी नजर अंगणातल्या लिंबाकडे वळवली. मग म्हणाले, "कोरोना झाला तवापासून असंच हाये. वास आला वापस, हे नाई आलं. माया, कोनाले सांगू नको. धर्मेंद्रलेबी नको सांगू."

धर्मेंद्र म्हणजे माझा नवरा. अकोल्याला डाळ मिलमध्ये आहे, आठवड्यातून एकदा घरी येतो. त्याला सांगितलं असतं तर तो चार हळहळीचे शब्द बोलून विसरूनही गेला असता. पण मी शब्द दिला आणि पाळला. आज वाटतं, त्या दिवशी चावडीवर जाऊन ओरडायला हवं होतं.

एखाद्या म्हाताऱ्याची चव गेली तर एवढं काय, असं बाहेरच्याला वाटेल. आमचं गाव दर्यापूरहून अकोल्याकडे जाताना लागतं, खारपाणपट्ट्यात. इथं जमिनीच्या पोटात खारं पाणी आहे. त्याच्यावर मातीचा एक थर गोड, आणि पावसाचं पाणी त्या थरावर साठतं. तेवढ्यातच विहीर खोदली, तळं खोदलं तर पाणी गोड राहतं. एक हात जास्त खाली गेलात की खालचं खारं वर येतं, आणि ते मग सहजासहजी परत जात नाही. त्यात हा थर सगळीकडे सारखा नाही. इथं आठ हात, तर तिथं बारा. कुठं थांबायचं, हे आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या आमच्या घरची जीभ सांगत आलीय.

काम असं चालतं. खोदणारा प्रत्येक हाताला तळाच्या मातीचा बोराएवढा खडा वर देतो. मामाजी तो जिभेवर ठेवतात, टाळूला दाबतात, थुंकतात, चूळ भरतात, पुन्हा दुसरा घेतात. ते "बस" म्हणाले की फावडं खाली. मालक कितीही कुरकुरला तरी खाली. एकतीस विहिरी आणि शेततळी मामाजींनी अशी थांबवली, त्यातलं एकही खारं निघालं नाही.

मामाजींच्या आजोबांनाही ही माती चाखायला बोलवायचे. पण पाणी लागलं की त्यांनी दूर जाऊन उभं राहायचं. त्यांच्या जिभेनं गोड ठरवलेलं पाणी त्यांनीच प्यायचं नाही. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर मामाजींच्या वडिलांनी गावाला निरोप दिला: चाखायला येतो, पण धान्य घेणार नाही, पैसा घेणार नाही. नवीन पाण्याचा पहिला पेला माझा, आणि तो मी काठावर खुर्चीवर बसून पिणार, साऱ्या गावासमोर. दोन वर्षं कोणी बोलावलं नाही. दोन वर्षांत तीन विहिरी खाऱ्या निघाल्या, आणि तिसऱ्या वर्षी पाटलाच्या घरून खुर्ची आली. लाकडी, हातांची, पाठीला वेताची जाळी असलेली. ती खुर्ची अजून आहे. विहीर असो की तळं, ती काठावर लागते आणि तिच्यावर आमच्या घरचा माणूस बसतो. आता सांगा, असा माणूस चावडीवर जाऊन माझी जीभ मेली म्हणून सांगेल का? मला तरी सांगवलं नसतं.

आणि मग रस्ता आला.

अकोल्याकडचा रस्ता चौपदरी करायचा होता. आमच्याकडची काळी माती रस्त्याखाली चालत नाही. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, वरचा रस्ता वाकडातिकडा करून टाकते. भरावाला मुरूम लागतो, आणि तो इथं पन्नास किलोमीटरमध्ये नाही. कंपनीचा इंजिनिअर कुलदीप पहिल्यांदा गावात आला तेव्हा हेच सांगायला आला होता. अमरावतीचा मुलगा, तिशीच्या आतला, पाठीवर बॅग, आणि बोलताना समोरच्याला पटतंय की नाही हे डोळ्यांनी तपासणारा. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर त्यानं कागद पसरला.

"मुरमासाठी मेळघाटाच्या पायथ्याची एक अख्खी टेकडी कापावी लागते," तो म्हणाला. "त्यापेक्षा तुमचा तलाव खोल करू. वरचा गाळ शेतकऱ्यांनी शेतात न्यावा, खालची पिवळी माती आम्ही रस्त्याला नेऊ. तुमच्याकडून एक रुपया नको. टेकडी वाचते, डिझेल वाचतं, तुमच्या तलावात दुप्पट पाणी राहतं."

खोटं नव्हता बोलत. मी बरेच साहेब पाहिलेत. योजना समजावताना त्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. या पोराला तो तलाव खरंच खोल झालेला पाहायचा होता. आमच्या तलावावर गाव जगतं. नळाला दहा दिवसांनी पाणी येतं, मधले नऊ दिवस तलाव आणि त्याच्या कडेची विहीर. एप्रिलमध्ये तलाव तळाला जातो. दुप्पट पाणी म्हटल्यावर बायांच्या डोळ्यांपुढे मे महिना उभा राहिला, माझ्याही.

"पण तीन मीटरच्या खाली नाही," कुलदीप म्हणाला. "हा खारपाणपट्टा आहे. नियमात तीन मीटर आहे. आणखी खाली जायचं तर आधी भोक पाडून मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. दीड महिना तरी जाईल."

सरपंच उत्तमराव पाटील हसले. खुर्ची पाठवली होती ना, त्याच घरातले. माणूस वाईट नाही. गावाचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटतं, फक्त ते आपल्या हातून झालं असं लोकांनी म्हणावं एवढीच अट असते.

"साहेब, तुमच्या प्रयोगशायेले दीड महिना लागते," ते म्हणाले. "आमच्या प्रयोगशायेले चूळ भराले लागते तेवढाच वेळ. आमचे देवमनजी बसतीन काठावर. ते बस म्हनतीन तवा बस. तीन मीटर तर तीन मीटर, पाच तर पाच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामाजी मागं भिंतीला टेकून बसले होते, त्यांना हात धरून पुढं आणलं. कुलदीपनं त्यांना नमस्कार केला, पण मान हलवली. "असं कागदावर कसं दाखवू मी?" त्यावर उत्तमरावांनी ग्रामसभा घेतली. ठराव झाला: तलावाच्या मध्यभागी मोठा डोह करावा, खोली श्री. देवमन यांच्या परीक्षणानुसार ठरवावी, त्याची सर्व जबाबदारी गावाची. कंपनीच्या वरच्या साहेबांना तर हवंच होतं. जितकं खोल, तितकी माती जवळची. त्यांनी कुलदीपच्या तीन मीटरवर काट मारली आणि खाली सही करायला लावली.

त्या ग्रामसभेत बायांच्या पहिल्या ओळीत मी बसले होते. हात वर करायचा, उभं राहायचं, एक वाक्य बोलायचं. मी हात वर केला तो ठरावाच्या बाजूनं. सगळ्यांनी केला म्हणून.

घरी आल्यावर मी मामाजींना बोलले, चांगलं तोडून बोलले. "आता काय करनार हाये तुमी? रंग पाहून सांगनार?"

"रंगानं थोडंफार कळते. दाताखाली कळते. साठ वर्सं माती खाल्ली, माया."

"थोडंफार कळून गाव चालनार हाये का?"

 मग एवढ्याशा आवाजात म्हणाले, "तुले चव कळते ना?"

असं ठरलं. मी रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन काठावर जायचं. ढिगातला खडा उचलायचा, पाठमोरी होऊन जिभेवर ठेवायचा. गोड असला तर काहीच नाही. खारट लागला तर डोक्यावर पदर घ्यायचा. ही खूण मामाजींनीच काढली, कारण मी कधीच डोक्यावर पदर घेत नाही. लग्न होऊन आले तेव्हा घेतला होता, तर त्यांनीच सांगितलं होतं, "ह्या घरात त्याची गरज नाई. डोकं उघडं ठेव, हवा लागू दे त्याले." त्यामुळे चुकून पदर डोक्यावर जायची भीती नव्हती.

मार्चमध्ये तलाव आटला आणि काम सुरू झालं. दोन पोकलेन, दहा-बारा टिप्पर. दिवसभर धूळ आणि घरघर. शेतकऱ्यांनी काळा गाळ ट्रॅक्टरनं ओढून नेला, मग खालची पिवळी माती लागली, ती रस्त्यावर जायला लागली. काठावर वेताच्या खुर्चीत मामाजी, डोक्यावर काळी छत्री. पोकलेनवाला बादलीतून खडा वर पाठवायचा. मामाजी तो जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि हात पुढं करायचे, चालू द्या. पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढायची. मी सांगते, मी स्वतः माती चाखत होते तरी त्यांचे मिटलेले डोळे पाहून क्षणभर वाटायचं, यांना कळतंय.

सहा हात झाले, सात झाले. तीन मीटर इथंच कुठंतरी संपले. कुलदीप काठावर येऊन उभा राहिला. "देवमनजी, अजून गोड आहे?" मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. माझा पदर खांद्यावर होता. "गोड हाये," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. आठव्या हाताला गोड, नवव्याला गोड. नवव्या हाताच्या खड्यात मला किंचित कडसर काही लागलं. ते मीठ होतं की चुना, मला सांगता येईना. मी काही माती चाखायला शिकलेली नव्हते. मामाजींना घरी सांगितलं, तर म्हणाले, "कडसर म्हन्जे जवळ आलं. अजून एक हात, मग बस."

दुसऱ्या दिवशी मला अमरावतीला प्रशिक्षणाला जायचं होतं. सही केली नाही तर मानधन कापतात. निघताना मी त्यांना म्हटलं, "आज खाली जाऊ देऊ नका. बाजूचं खोदू द्या, कडा नीट करू द्या. मी आल्यावर पाहू."

"नाई जाऊ देत," ते म्हणाले.

त्याच दिवशी मोठे साहेब आले. मुंबईचे, दिल्लीचे कोणकोण, पाच गाड्या. कमी साधनांत रस्ता कसा बांधायचा याचं हे काम नमुना म्हणून दाखवायचं होतं. उत्तमरावांनी त्यांना काठावर आणलं आणि मामाजींची ओळख करून दिली. साहेबांनी फोटो काढले. एका बाईनं विचारलं, आम्हाला हे प्रत्यक्ष पाहता येईल का? पोकलेन डोहात उतरला. दहावा हात. खडा वर आला. मामाजींनी तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. साऱ्या गावासमोर, त्या बाईसमोर, कॅमेऱ्यासमोर. "गोड हाये. जाऊ द्या." टाळ्या झाल्या. साहेब गेल्यावरही यंत्र थांबवायचं कोणाला सुचलं नाही. दिवस मावळेपर्यंत डोह साडेबारा हात खाली गेला होता.

मी ऑटोतून उतरले ती थेट तलावावर गेले. तळाशी ओल दिसत होती. उतरले, ओली माती चिमटीत घेतली आणि जिभेला लावली.

खारट होती. काठावर येऊन मी मामाजींसमोर उभी राहिले. पदर घ्यायची गरज पडली नाही, माझं तोंड पाहूनच त्यांना कळलं.

"लय हाये?" त्यांनी विचारलं.

"हाये."

"थोडं की लय?"

मी घामाघूम झाले होते, ओठांवर घाम होता. म्हटलं, "थोडं असंन." ते थोडं नव्हतं. पण मला थोडं असायला हवं होतं, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्चीवर बसून "बस" म्हटलं. यंत्र थांबलं. उत्तमरावांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. आम्ही दोघं काही बोललो नाही, कोणालाच नाही.

पावसाळ्यात तलाव असा भरला की म्हाताऱ्यांनी सांगितलं, असा कधी पाहिला नाही. पहिला पेला मामाजींनी खुर्चीवर बसून प्याला. "गोड," ते म्हणाले. मी नंतर घोटभर पिऊन पाहिलं आणि ते खरंच गोड होतं. पावसाचं ताजं पाणी होतं, गोडच असणार. मला रडू आलं. मी मनाशी म्हटलं, वाचलो. गाळ टाकलेल्या शेतांत कापूस कमरेपर्यंत आला. रस्त्याचा आमच्याकडचा तुकडा पूर्ण झाला आणि यंत्रं शेगावच्या बाजूला गेली.

पुढं थंडीत आमच्या अंगणवाडीची मदतनीस सुभद्रा मला म्हणाली, "ताई, डाळ शिजून नाई राहिली." मी म्हटलं, डाळ जुनी असेल. दुसरी आणली, तीही दोन तास चुलीवर टणक. तिसऱ्या दिवशी मी पातेल्यातलं पाणी बोटानं चाखलं. मग जानेवारीत तलावाच्या कडेनं पांढरा थर धरला, चुना सांडावा तसा. गुरं पाण्याशी जाऊन तोंड फिरवायला लागली. ज्यांनी हरभऱ्याला तलावाचं पाणी दिलं त्यांचा हरभरा कडेकडेनं करपला. विहीरही गेली. पोरांना हगवण लागली. माझ्या रजिस्टरमधल्या नऊ मुलांचं वजन दोन महिन्यांत घटलं, त्यांतली शिवमची पौर्णिमा तर किलोभरानं. आठ महिन्यांची पोर आहे ती.

टँकर सुरू झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव आमच्या घरी आले.

"देवमनजी, आज कंपनीचा इंजिनेर येऊन राहिला," ते म्हणाले. "गाव जमनार हाये. तुमी एवढंच सांगा का मी बस म्हनलो तवा माती गोड होती. पुढचं मी पाहतो. तुमी बस म्हनल्यावर त्यायनं चोरून खोदलं. साडेबारा हातांचं मोजमाप हाये माह्याजवळ. त्या पोराले बडतर्फ केल्याबिगर सोडत नाई मी."

ते गेल्यावर मी म्हटलं, "मामाजी, त्या पोरानं तीन मीटरच म्हटलं होतं. त्याची नोकरी जाईन. केस होईन त्याच्यावर."

"अन् माह्यं?" ते म्हणाले.

 त्यांच्या आजोबांना त्या काठावर उभं राहू दिलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पौर्णिमाचे काडीएवढे झालेले दंडही मी कालच मापले होते.

तलावावर गाव जमलं. खुर्ची आणली होती, मामाजी तिच्यावर बसले. कुलदीप मोटारसायकलवरून एकटाच आला. वाळला होता. त्यानं पाण्यात यंत्र बुडवून आकडा वाचून दाखवला, कोणी ऐकलं नाही. उत्तमरावांनी आरोप केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "देवमनजी बस म्हणाले त्यानंतर एक बादली काढलेली नाही. तुमच्यातलेच लोक तिथं होते. डोह खारा निघतोय हे त्या दिवशी कोणी मला सांगितलं असतं, तर तळाशी काळी माती दाबून बसवली असती. चार दिवसांचं काम होतं." मग तो थांबला. त्याला ते म्हणायचं नव्हतं, तोंडावरून दिसत होतं. "मला फक्त एक पाहायचं आहे. देवमनजींना चव कळते का?"

गलका उठला. कोणीतरी त्याची कॉलर धरली. उत्तमरावांनी सोडवलं आणि हसले, पार मोठ्यानं. "पाह्यजा की! दोन पेले भरा. एक तलावाचा, एक टँकरचा. देवमनजी, दाखवाच याले. माया, तू भर वो. तुह्यावर दोन्हीकडच्यांचा भरोसा हाये."

मी शाळेच्या भिंतीमागं जाऊन दोन स्टीलचे पेले भरले. डाव्या हातात तलाव, उजव्या हातात टँकर.  परत आले. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ते निर्धास्त आहेत. खारा पेला हातात दिला की मी पदर घेणार. ठरलेलंच होतं. मी होते म्हणून ते या परीक्षेला तयार झाले होते.

मी तलावाचा पेला त्यांच्या हातात दिला आणि पदराला हात लावला नाही. खोटं बोलत नाही, चुकून नाही झालं. वाऱ्यानं नाही, घाबरले म्हणून नाही. मी ठरवून हात खाली ठेवला.

त्यांनी माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं आणि पेला तोंडाला लावला. सगळा प्याले, नेहमीसारखे. "गोड," ते म्हणाले.

 तो पेला कुठला होता, हे मागं पुढं उभ्या लोकांना अजून कळलं नव्हतं. मी दुसरा पेला पुढं केला. त्यांनी तो घेतला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. आता तरी पदर वर जायला हवा होता. दोघांतला एक तर खारा होता ना. माझा पदर खांद्यावरच होता. मग त्यांना समजलं. मी त्यांच्या तोंडावर ते समजताना पाहिलं, आणि ते तोंड मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्यांनी दुसरा पेला प्याला नाही. खुर्चीच्या हातावर ठेवला.

"मले चव नाई," ते म्हणाले. आवाज खणखणीत होता. "चार वर्सं झाले. कोरोनापासून. ह्या पोराचा काई दोष नाई. गाव मीच बुडवलं."

 मग उत्तमरावांनी विचारलं. त्यांचा आवाज वेगळाच येत होता, एखाद्याला घरातलं कोणी गेल्याचं सांगितल्यासारखा. "घरात कोनाले माहीत होतं, देवमनजी? कोनालेच नाई?"

मी हातात काही नसताना पेला धरल्यासारखी उभी होते. मामाजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"कोनालेच नाई," ते म्हणाले. "लपवलं मी."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. ग्रामसभेत बोलायला हवं होतं, ओल्या मातीनं जीभ खारट झाली त्या संध्याकाळी बोलायला हवं होतं, आणि तेव्हा तर नक्कीच. सगळं गाव समोर होतं. सुभद्रा होती, पौर्णिमाला कडेवर घेऊन शिवमची बायको होती. मी तोंड उघडलं नाही. त्यांना उघडं पाडायचं धाडस होतं माझ्यात. स्वतःला पाडायचं नव्हतं.

मामाजी उठले. कोणी त्यांना शिवी दिली नाही, हात लावला नाही. लोकांनी वाट दिली एवढंच. उत्तमरावांनी खुर्ची उचलली, तिच्यावरचा भरलेला पेला जमिनीवर ओतला आणि खुर्ची आपल्या घराकडे घेऊन गेले.

घरी आल्यावर मी चहा केला. टँकरच्या पाण्याचा, दूध जरा जास्त, साखर दोन चमचे. मामाजी ओसरीवर बसले होते. मी कप त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी कपाकडे पाहिलं. "काय टाकलं याच्यात?" त्यांनी विचारलं.

"साखर, मामाजी. साखरच हाये."

त्यांनी मान हलवली, ठीक आहे म्हटल्यासारखी. मी आत जाऊन भाकरी थापायला बसले. तासाभरानं बाहेर आले तेव्हा ते तिथंच बसलेले होते आणि कप भरलेलाच होता, वर साय धरलेली.